घशाच्या बाईंची सायकल

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून एक अरुंद खोली होती. दारावर 'वाचा-उपचार' अशी पाटी होती, पण पाटी वाचून तिथे कोणीच येत नसे. लोक खाली खिडकीत विचारायचे, "घशाच्या बाई कुठे बसतात?" आणि खिडकीतला माणूस मान वर न करता सांगायचा, "वर जा. साबणाचा वास आला की डावीकडे."

बाईंना या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. त्यांच्याकडे येणारी माणसं म्हणजे पक्षाघाताने जीभ जड झालेले आजोबा, अडखळत बोलणारी मुलं, वर्गात ओरडून ओरडून आवाज बसलेल्या शिक्षिका. औषध नाही, सुई नाही. टेबलावर एक आरसा, पाण्याचा पेला, सरबताच्या नळ्यांचा गठ्ठा आणि बाईंची जीभ, एवढ्यावर सगळा कारभार. ती जीभ मात्र अखंड चालायची. समोरचा एक शब्द बोलेपर्यंत बाईंचे शंभर व्हायचे, पण त्या शंभरांत माया इतकी असायची की माणूस आपल्या अडखळण्याची लाज विसरून जायचा. बाईंच्या यजमानांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, "जगाला बोलायला शिकवते आणि मला घरात एक वाक्य पुरं करू देत नाही."

बाईंचा देह भरलेला, गुडघे कुरकुरणारे. एक मजला चढायचा असला तरी त्या लिफ्टची वाट बघत उभ्या राहायच्या. धावण्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, "मी जन्मात एकदाच धावले. बससाठी. तीही सुटली."

अशा बाईंच्या वाट्याला भिंगरी आली.

भिंगरी हे तिचं मैदानावरचं नाव. पंधरा वर्षांची, काटकुळी, उभी असतानाही या पायावरून त्या पायावर झुलत राहणारी. मैदानाच्या दोन फेऱ्यांची शर्यत ती धावायची, आणि तिच्या वयाच्या मुलींत तिला मागे टाकणारी सहसा कोणी नव्हती. गेल्या वर्षापासून मात्र भलतंच सुरू झालं होतं. शेवटच्या वळणावर पोचली की तिचा घसा आवळायचा. श्वास आत ओढताना चिरका, शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, हात गळ्याकडे जायचे, आणि ती धावपट्टी सोडून गवतात बसायची. थोडा वेळ गेला की पुन्हा ठीक, जणू काही झालंच नाही. पंचाईत तिथेच होती. बघणाऱ्यांना वाटायचं, हरायला लागली की पोरगी सोंग करते.

दवाखान्यातले छातीचे डॉक्टर तरुण होते आणि इतके उंच की कुठल्याही दारातून वाकूनच आत यायची त्यांना सवय लागली होती. दम्याचा पंप त्यांनी देऊन पाहिला होता. काडीचा उपयोग झाला नव्हता. फुंकायला लावून फुफ्फुसं तपासली, तर ती ठणठणीत. एके दुपारी ते बाईंच्या खोलीत वाकून आले आणि म्हणाले, "बाई, उद्या खाली या. एका मुलीला पळवणार आहे. मला वाटतं भानगड छातीत नाही, तुमच्या इलाख्यात आहे."

दुसऱ्या दिवशी बाई खाली गेल्या तेव्हा भिंगरी ट्रेडमिलवर उभी होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिच्या नाकात बधिर करणारा फवारा मारून एक बारीक नळी घशापर्यंत सोडली होती. नळीच्या टोकाला कॅमेरा, आणि ती हलू नये म्हणून कपाळाला पट्टा. भिंगरीचे वडील दाराबाहेर उभे होते. बाईंनी त्यांना आत बोलावलं.

"मी इथेच बरा," ते म्हणाले. "बेकरीतून येतोय. अंगावर पीठ असतं."

ट्रेडमिलचा पट्टा फिरू लागला. पडद्यावर घसा दिसत होता, गुलाबी, ओला, मधोमध एक काळी फट. श्वास आत जाताना ही फट दारासारखी उघडायला हवी. सुरुवातीला उघडत होती. पट्ट्याचा वेग वाढला, भिंगरी धापा टाकायला लागली, आणि ऐन श्वास घेतानाच ती फट दोन्ही बाजूंनी मिटत मिटत रेघेएवढी झाली. खोलीभर तोच चिरका आवाज भरला. डॉक्टरांनी ताबडतोब पट्टा थांबवला. भिंगरी दांडी धरून वाकली, आणि पडद्यावरचं दार हळूहळू पुन्हा उघडलं.

"सापडलं," छातीचे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पोरासारखी चुटकी वाजवली.

नळी काढल्यावर भिंगरीने ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. बघता बघता तिचा चेहरा पडला. "म्हणजे हे मीच करते? मैदानावरचे सर म्हणतात तेच खरं?"

"उचकी लागते ती तू लावतेस का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"पण लागते तुझ्याच पोटात ना? तसंच आहे हे. तुझ्या घशाला नको त्या वेळी दार लावायची सवय जडलीये. तू मुद्दाम लावत नाहीस. आणि जडलेली सवय सोडवता येते. माझी भाकरीच त्यावर चालते."

छातीचे डॉक्टर बाहेर जाऊन वडिलांना समजावू लागले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे पिठाने नाही?"

"पिठाने नाही. तिची फुफ्फुसं माझ्यापेक्षा बरी आहेत."

वडील बाकावर बसले. पिठाने काही लोकांची छाती बिघडते, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की लेकीचा दम आपल्याच धंद्याने खाल्ला. वर्षभर ते बेकरीतच आंघोळ करून घरी येत होते, कपडे तिथेच ठेवत होते, आणि लेक जवळ आली की काहीतरी निमित्त काढून बाजूला सरकत होते. भट्टी विकायला काढावी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. हे सगळं ते डॉक्टरांना सांगत होते. भिंगरी मागे येऊन उभी राहिलेली त्यांना दिसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं, मी हरायला लागले म्हणून तुम्ही रागावलात."

वडिलांनी बाकावर सरकून तिला शेजारी जागा करून दिली. बाई पाणी आणायच्या निमित्ताने तिथून निघाल्या.

मग आठवड्यातून दोनदा भिंगरी बाईंच्या खोलीत येऊ लागली. बाईंनी तिला आपली सगळी विद्या दिली. खांदे खाली. जबडा सैल. जीभ खाली निवांत. पोटावर हात ठेवून श्वास पोटापर्यंत. आत घेताना नाकाने, वास घेतल्यासारखा, किंवा ओठांची नळी करून, सरबत ओढल्यासारखा. सोडताना फुंकर घातल्यासारखा, लांब. पोरगी चलाख. खुर्चीत बसून तिला सगळं असं जमलं की बाई खूश होऊन गेल्या. घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, "इतकी गुणी पेशंट मला आजवर मिळाली नाही."

पुढच्याच आठवड्यात भिंगरी आली ती पाय आपटत. सरावाच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर घसा पुन्हा आवळला होता. गवतात बसायची वेळ पुन्हा आली होती, आणि पुन्हा सगळ्यांनी पाहिलं होतं.

"केलंस का मी सांगितलं ते?"

"काय काय करू?" भिंगरी म्हणाली. "खांदे करू, का जबडा करू, का जीभ करू? तेवढ्यात माझा जीव जातो. तुमच्या खुर्चीत मला येतं. पण खुर्चीत बसून शर्यत नसते, बाई."

आणि ती निघून गेली. पुढच्या वेळी आलीच नाही.

बाई दोन दिवस घुम्या होत्या. घरात एवढी शांतता झाली की यजमानांनाच काळजी वाटायला लागली. शेवटी जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी घास संपवला, मग म्हणाले, "लोक दुकानात येतात, म्हणतात चेन पडते. मी स्टँडवर लावून फिरवतो, अजिबात पडत नाही. मग त्यावर बसून चढ चढतो, की पडली. सायकल स्टँडवर शहाण्यासारखीच वागते."

"म्हणजे मी स्टँडवर उपचार करतेय?"

"मी चेनबद्दल बोलतोय," यजमान म्हणाले. पण त्यांच्या मिशीआडचं हसू बाईंना दिसलं.

दवाखान्यातली ट्रेडमिल कायम हृदयाच्या रोग्यांनी अडवलेली. तेव्हा यजमानांनीच एक जुनी सायकल घेतली, मागचं चाक लोखंडी चौकटीवर अधांतरी बसवलं आणि चाकावर एक रबर असं दाबून ठेवलं की पेडल मारताना चढ चढल्यासारखा जोर लागावा. रबर घट्ट करायला एक खिट्टी. हे धूड घेऊन दोघं दवाखान्यात पोचले तर लिफ्टवाला आडवा आला.

"लिफ्ट पेशंटसाठी आहे."

"हाच पेशंट आहे," बाई म्हणाल्या. "श्वास अडकलाय. बघ, चाक फिरत नाही."

लिफ्टवाल्याने चाक फिरवून पाहिलं, खरंच फिरेना, तेव्हा त्याने निमूट दार उघडलं.

सायकल खोलीत मावली, पण मग खुर्चीला जागा उरेना. खुर्ची चादरींच्या कोठीत गेली. भिंगरीला बोलावण्याआधी बाईंनी दार लावून घेतलं, पदर खोचला आणि स्वतः सीटवर चढल्या. यजमानांना सांगितलं, "करा घट्ट. आणि मी त्या पोरीला सांगते ते सगळं मला सांगा."

थोड्याच वेळात बाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. यजमान कागदावर बघून निर्विकारपणे वाचत होते, "खांदे खाली. जबडा सैल. जीभ निवांत. पोटात श्वास. ओठांची नळी..."

"गप्प बसा!" बाई ओरडल्या. म्हणजे ओरडायला गेल्या, पण निघालं नुसतं "ग...". त्या हँडलवर ओणव्या झाल्या, आणि जरा दम आल्यावर हसायलाच लागल्या. जीव वरखाली होत असताना माणसाच्या कानात एकही वाक्य शिरत नाही, ही साधी गोष्ट त्यांना या वयात, या सीटवर बसल्यावर कळली होती. आपल्या बोलण्यावर आयुष्यभर पोट भरलेल्या बाईला हे कळणं तसं अवघडच. पण बाईंना त्याचं दुःख झालं नाही, उलट गंमतच वाटली.

त्या संध्याकाळी त्या भिंगरीच्या वडिलांच्या बेकरीत गेल्या. भट्टीची धग अंगावर येत होती आणि भिंगरी बापाशेजारी उभी राहून पाव पिशव्यांत भरत होती. दोघांच्याही कोपरापर्यंत पीठ होतं.

"माझं चुकलं," बाई सरळ म्हणाल्या. "मी तुला एका दमात दहा गोष्टी करायला सांगितल्या. आता दोघी मिळून एक शोधू. एकच. चल, माझ्याकडे सायकल आहे."

भिंगरीने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "जा. पाव मी भरतो."

सायकलवर भिंगरीचा घसा आवळायला मैदानापेक्षा जास्त वेळ लागायचा, पण आवळायचा. ती चिरकी शीळ सुरू झाली की बाई थांबवायच्या नाहीत. रबर थोडं सैल करायच्या आणि एकेक उपाय करून बघायच्या. असं करता करता दोघींच्या लक्षात आलं की भिंगरी घाबरून श्वास आत, आणखी आत, ओढत राहते. आतला बाहेर जातच नाही, आणि जितकं ओढावं तितका घसा मिटतो. आधी फुंकर घालून सोडला, की पुढचा श्वास आपोआप, मऊपणे आत येतो. ओठ, खांदे, जबडा सगळं त्या फुंकरीमागोमाग सैल पडतं.

"बाई, तुम्ही काही समजावू नका," भिंगरी घाम पुसत म्हणाली. "फक्त 'सोड' म्हणा."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला जड जाईल, माहितीये."

जड गेलंच. पण बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. शीळ सुरू झाली की फक्त म्हणायचं, "सोड." आणि भिंगरी फुंकर घालायची, लांब, मग ओठांच्या नळीने आत, पुन्हा फुंकर. हळूहळू शीळ यायच्या आधीच तिला चाहूल लागायला लागली, घशात दोरा ओढल्यासारखी. चाहूल लागली की ती स्वतःच सोडायची. मग बाईंना बोलायला तेवढंही उरलं नाही. त्या रबराची खिट्टी घट्ट करत बसायच्या.

आता राहिलं मैदान. तिथले सर म्हणजे एकेकाळचे धावपटू, गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीहून मोठा. बाई सकाळी मैदानावर पोचल्या तेव्हा ते भिंगरीवर ओरडत होते, "श्वास घे! जोरात घे! आणखी घे!"

बाईंनी आपली ओळख करून दिली. सर म्हणाले, "रागावू नका बाई, पण माझ्या मते हे सगळं मनाचं आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी भिंगरीला विचारलं, "दाखवू का?" ती हो म्हणाली. मग बाईंनी मोबाइलवर ते घशाचं चित्र लावलं. सर उन्हाला हाताचा आडोसा करून बघत राहिले. फट मिटताना दिसली तसा त्यांचा स्वतःचाच हात गळ्याकडे गेला.

"हे धावताना होतं?"

"शेवटच्या वळणावर."

सर म्हणाले, "आणि मी हिला आणखी जोरात ओढायला सांगत होतो."

"तेवढं बंद केलंत तर माझं निम्मं काम होईल," बाई म्हणाल्या. "त्याऐवजी 'सोड' म्हणा. एकदाच. तुमच्या आवाजात मात्र म्हणा, माझा पोचत नाही."

सर गडी सरळ. एकदा पटलं की पटलं. त्यांनी सरावच बदलला. आधी भिंगरीला ऐन वेगात थोडंच अंतर धावायला लावायचं, मग अंतर वाढवायचं. ते वळणाच्या कडेला उभे राहायचे आणि चाहूल लागण्याच्या जागी म्हणायचे, "सोड!" बाकीच्या मुली हसायच्या, मग त्याही सोडायला लागल्या. एके दिवशी सर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी एक मुलगी आहे. धावून झाल्यावर तासभर खोकते. मी म्हणायचो, गार पाणी पिऊ नकोस. तिचंही असंच असेल का?"

"खोकला धावल्यानंतर? छातीत घरघर?" बाई म्हणाल्या. "तिला माझ्याकडे नको, छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. सगळ्यांची दुखणी घशाची नसतात."

आणि तिला खरोखरच दमा निघाला. धावण्याआधी पंप घेऊन ती मजेत धावू लागली. तेव्हापासून छातीचे डॉक्टर आणि सर यांची अशी गट्टी जमली की डॉक्टर अधूनमधून मैदानावर येऊन स्वतःच धापा टाकू लागले.

मोठी शर्यत रविवारी सकाळी होती. भिंगरीचे वडील भट्टी कामगारांवर सोपवून आले होते, बाई यजमानांच्या सायकलच्या मागे बसून. भिंगरीने पहिली फेरी नीट काढली, पुढच्या मुलींना धरून. दुसरी फेरी सुरू झाली. शेवटचं वळण आलं, आणि बाईंना काठावरून तिचे खांदे उचललेले दिसले. वडिलांनी डोळे मिटून घेतले. सरांनी हाक मारली की नाही, गलक्यात कळलं नाही. भिंगरी किंचित मंदावली. दोन मुली तिच्या बाजूने पुढे निघून गेल्या. तिने गाल फुगवून फुंकर घातली, लांब, पुन्हा एकदा, आणि तिचे खांदे खाली आले. मग ती पळाली.

"उघडा डोळे," बाईंनी वडिलांचा हात हलवला. "अहो, उघडा, ती धावतेय!"

ती पाचवी आली. पुढे गेलेल्या दोघींपैकी एकीला तिने शेवटच्या टप्प्यात मागे टाकलं होतं, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. रेषा ओलांडून ती गवतात बसली नाही. उभीच राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि बाप जवळ पोचायच्या आत बोलायलाच लागली, "बाबा, आलं होतं, आलं होतं ते, पण मी सोडलं, आणि गेलं! तुम्ही बघितलं का? आणि त्या उंच मुलीने मला कोपर मारलं, ते बघितलं का? सर, ते चालतं का?" बापाने तिला घट्ट धरलं. ती त्याच्या खांद्याआडूनही बोलतच होती.

सर बाईंना म्हणाले, "तुमच्याकडून फक्त श्वास शिकली म्हणायची, की हेही?"

घरी परतताना बाई मागच्या सीटवर गुणगुणत होत्या. यजमान पेडल मारता मारता ऐकत होते.

"पाचवी आली ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाचवी."

"मग एवढी खुशी कसली?"

"शर्यत संपल्या संपल्या ती किती बोलली, ऐकलंत ना?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळी शर्यत पहिल्यापासून सांगायला घेतली. शर्यतीच्या वेळी यजमान शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते मधे एकदाही बोलले नाहीत. चढ लागला तेव्हा बाई आपणहून उतरल्या आणि सायकलला हात लावून, बोलत बोलत, त्यांच्या बाजूने चालू लागल्या.